सूप

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, सूप द्या.
आमच्या घरात सूप एकच, बांबूचं,
काठ चिंधीनं शिवलेलं, मोरीवर खिळ्याला टांगलेलं.
तेच काढलं.
त्यात वाल ओतून पाखडले,
हलका दाणा उडून फरशीवर गेला,
म्हणलं, चला, सुरुवात तर सुपानंच झाली.

परभणीत या दिवसांत
नळाचं पाणी दातांना झोंबतं.
वाल रात्रभर पातेल्यात फुगत बसले,
सकाळी साल सैल, म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखी.
एकेक सोललं. घाई नव्हती.
मित्रा सकाळच्या जिंतूर गाडीला गेली होती,
येणार रात्री, शेवटची फेरी जमा करून.
पूर्ण नाव संघमित्रा.
लग्नाआधी मला वाटायचं
तिला कुणी हाक मारली की मलाच बोलावतंय.

खलीलभाईकडे भाव विचारत नाही.
मोठ्याचं, अर्धा किलो.
"भाभीची तब्येत?"
"रक्त कमी सांगितलंय."
तो पाठमोरा झाला, सत्तूर दोनदा वाजला.
एकदा त्याच्या अम्मीसाठी
मित्रानं घंटीची दोरी धरून ठेवली होती
बसस्टँडच्या फाटकापर्यंत.
"ही नळी वजनात धरली नाही," तो म्हणाला.
कागदात बांधलं, कागद काळ्या पिशवीत,
पिशवी आणखी एका पिशवीत.

कांदा जाळावर काळा केला, खोबरं भाजलं,
लसूण, आलं, दगडफूल,
आणि शेवटी घालायला मूठभर येसर,
त्याशिवाय रस्सा पाण्यासारखा पळतो.
मटण हळदमिठात परतलं, पाणी घातलं,
वाल घालायला वाटी उचलली
आणि थांबलो.

आमच्याकडे वाटा एक यायचा, खाणारे अकरा.
आई तुकडे मोजून वाढायची, वाल न मोजता.
दोन तुकडे माझे.
मी आधी वाल खायचो,
तुकडे भाकरीखाली दडवून ठेवायचो,
एकदा कचरूनं माझी भाकरी उचलली
तर खाली काहीच नव्हतं.
त्याआधीच कुणीतरी उचलली होती.
कोण, ते अजून घरात कुणी कबूल केलं नाही.

आता खाणारे दोघं. मटण अर्धा किलो.
वालाची गरज काय?
हाताला हिशेब कळत नाही,
त्यानं वाटी पूर्ण पालथी केली.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून विचारलं,
"काय शिजवायलाव भाऊ? वास लई छान सुटलाय."
"वाल," मी म्हणालो.
खोटं नव्हतं. अर्धं होतं.
उरलेल्या अर्ध्यावर कुकरनं शिट्टी मारली.
त्या थोडं थांबल्या.
मग चपला वर गेल्या.
खिडकी लावावी की नको,
या विचारात चौथी शिट्टी झाली.

पावणेअकराला ती आली,
खाकी कॉलर धुळीनं तपकिरी,
सुट्ट्या पैशांचा वास तळव्यांना.
आधी वाडगं नुसतं धरून बसली, दोन्ही हातांनी.
वाफेत तिचा चष्मा गेला, तो तिनं पुसला नाही.
"सूप कुठंय?"
"हेच की."
"हे? यात तर चमचा उभा राहायलाय."
तिनं नळी ताटाच्या काठावर आपटली,
चोखली, पुन्हा आपटली.
मग ज्वारीची भाकरी चुरून वाल खाल्ले, सगळे,
आणि अर्धी भाकरी तशीच ठेवली,
एका कडेला जरा उंच.

मी बघतोय हे तिला कळलं.
"कुणापासून दडवायलीस गं?"
"गप जेव," ती म्हणाली,
आणि हसताना ठसका लागला, पाणी दिलं.

उद्या पहाटेची पाथरी आहे.
"यातलंच दे डब्यात," झोपता झोपता म्हणाली,
"झाकण घट्ट लाव."
मी डबा दोनदा उलटा करून बघितला.
थेंब पडला नाही.
मग नाकाशी धरला.